मोठ्या आतड्याच्या कर्करोगात वर्तुळाकार आरएनए : स्पंजाचे गृहीतक कितपत टिकते?

अंबाझरी_काठ (प्रश्न)
नमस्कार. मी नागपूर विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असून या विषयावर मला सेमिनार द्यायचे आहे. वाचलेल्या बहुतेक शोधनिबंधांचा साचा एकच दिसतो : अमुक वर्तुळाकार आरएनए (टोके जुळून बंद कडे झालेला आरएनए रेणू) गाठीत वाढलेला आढळला, तो तमुक मायक्रोआरएनएला (जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएला) स्पंजासारखा शोषून घेतो आणि त्यामुळे कर्करोगाला पोषक जनुकाला मोकळे रान मिळते. सीआयआरएस-७ या वर्तुळाकार आरएनएचे उदाहरण तर सर्वत्र आहे. हे जसेच्या तसे मांडावे का? शिवाय माझ्या मामांवर याच आजाराचे उपचार सुरू आहेत. अशी काही रक्ततपासणी होते का, असे घरचे विचारतात.

पेशीवेल्हाळ
मांडा, परंतु त्यावरचा आक्षेपही त्याच दमात मांडा. सीआयआरएस-७वर मायक्रोआरएनए-७साठी सत्तरहून अधिक बंधनस्थाने आहेत, हे २०१३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले आणि स्पंजाची कल्पना तिथून रुजली. पुढे २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हाच रेणू ईजीएफआर व आरएएफ१ या पेशीवाढीला चालना देणाऱ्या जनुकांना बळ देतो, असे मांडले गेले. मात्र २०२० मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मधील अभ्यासात गाठीच्या चकत्यांवर प्रत्यक्ष पेशीनिहाय पाहिले असता, तो कर्करोगाच्या पेशींत जवळजवळ नव्हताच. होता तो भोवतालच्या आधार-ऊतीतील पेशींत. सबंध गाठ कुटून आरएनए काढला, की कोणत्या पेशीतून काय आले ते कळत नाही. तर्री-पोहे मिक्सरमधून काढल्यावर तिखटपणा कशाचा, हे सांगता येत नाही तसेच. ज्या गाठीत आधार-ऊती जास्त, त्यात हा रेणू 'वाढलेला' दिसणारच. माझ्या मते तुमच्या सेमिनारचा गाभा हाच असावा.

उणे_ऐंशी
वरील मताशी सहमत आहे; प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी भर घालतो. बॅकस्प्लायसिंगमध्ये, म्हणजे हे रेणू घडण्याच्या प्रक्रियेत, पुढच्या एक्झॉनचे (जनुकाच्या आरएनएत टिकणाऱ्या तुकड्याचे) टोक मागच्या एक्झॉनच्या सुरुवातीला जोडले जाऊन बंद कडे तयार होते. मोकळी टोके नसल्यामुळे आरनेज-आर हे विकर सरळ आरएनए पचवते, पण कडे बहुधा टिकते. म्हणून शोधनिबंध वाचताना आरनेज-आर वापरले का, विरुद्ध दिशांना तोंड केलेले प्रायमर (ठरावीक क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) घेतले का आणि टोके जुळतात त्या सांध्याचा क्रम वाचला का, हे आधी तपासा. रेणू दाबण्यासाठी वापरलेला एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए) नेमका सांध्यावर बसत नसेल, तर त्याच जनुकाचा सरळ एमआरएनएही (प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए) कमी होतो आणि परिणाम कशाचा ते सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा निसटते. २०१५ च्या एका अभ्यासात निरोगी श्लेष्मल ऊतीच्या तुलनेत गाठीत वर्तुळाकार आरएनएचे एकूण प्रमाण घटलेले आढळले. पेशी झपाट्याने विभागत असतील, तर सावकाश साचणारे हे रेणू विरळ होत जातात, असे त्याचे स्पष्टीकरण सुचवले गेले. त्यामुळे एखाद्या वर्तुळाकार रेणूच्या वाढीचा दावा सरळ आरएनएच्या तुलनेत तपासलेला असावा. स्पंजाबाहेरचे उदाहरण हवे असल्यास सर्क-एनएसयूएन२ हा वर्तुळाकार आरएनए घ्या : त्यावरील एम६ए या रासायनिक खुणेमुळे तो केंद्रकाबाहेर येतो आणि आयजीएफ२बीपी२ या प्रथिनासह एचएमजीए२ या जनुकाच्या एमआरएनएला स्थैर्य देतो. २०१९ च्या त्या शोधनिबंधात याचा संबंध यकृतात पसरणाऱ्या आजाराशी दाखवला आहे.

ओपीडी_नंतर
मामांविषयी. वर्तुळाकार आरएनएची तपासणी नेहमीच्या उपचारांत वापरली जात नाही. कोणी पॅकेजमध्ये गळ्यात मारू पाहिल्यास पैसे भरण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. सध्या निर्णय होतात ते कोलोनोस्कोपीतील बायोप्सी, सीटी स्कॅन, सीईए (रक्तातील कर्करोगदर्शक प्रथिन), एमएमआर (डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या) प्रथिनांची तपासणी आणि आजार पसरलेला असल्यास केआरएएस, एनआरएएस व बीआरएएफ या जनुकांतील बदल यांवर. केआरएएस किंवा एनआरएएसमध्ये बदल असेल, तर सेटुक्सिमॅबसारख्या ईजीएफआर रोखणाऱ्या औषधाचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून तो अहवाल महत्त्वाचा. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा) कोणत्या प्रयोगशाळेत ठेवला आहे, हे मात्र आजच फाईलवर लिहून ठेवा; पुढे एखादी तपासणी वाढवायची झाली, की घरच्यांची धावपळ त्यापायीच होते.