'कातारीना'चा अर्थ खरंच 'शुद्ध' का?

रानवारा: गोव्यातल्या मैत्रिणीच्या लेकीचा बाप्तिस्मा आहे. नाव कातारीना, म्हणजे इंग्रजीतलं कॅथरीन. आमंत्रणपत्रिकेवर 'कातारीना म्हणजे शुद्ध' असं छापायचं ठरतंय आणि मला ते मनापासून खटकतंय. ग्रीकमधलं जुनं रूप ऐकातेरीने, त्यात 'त' आहे. 'शुद्ध'साठी ग्रीक शब्द काथारोस, त्यात 'थ'. त आणि थ वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! सारखेपणा दिसला म्हणून लोकांनी नातं जोडलं आणि मग लॅटिनमध्ये 'कातेरीना'चं 'काथारीना' झालं. खऱ्या मुळाबद्दल एकमत नाहीच. कुणी हेकाते देवीकडे बोट दाखवतं, कुणी 'दोहोंपैकी प्रत्येक' अशा अर्थाच्या हेकातेरोसकडे.

मांडवीकाठ: अजिबात पटलं नाही. आईबाप मुलीला नाव देतात, शब्दाचं मूळ नाही. अलेक्झांड्रियाची संत कातारीना परंपरेनुसार चौथ्या शतकाच्या सुरुवातीला हुतात्मा झाली, ती कुमारिका म्हणून पूजली जाते. तिच्यामुळेच 'शुद्ध' हा अर्थ शतकानुशतकं टिकला. 'सुर'चंच बघा. ऋग्वेदात वरुणालाही 'असुर' म्हटलंय, आदराने. पुढे लोकांनी त्याची फोड अ-सुर केली आणि त्यातून 'सुर' म्हणजे देव हा शब्द जन्मला. तो काय आता कोशातून काढायचा?

रानवारा: काढायचा नाही, पण 'असुर'चं मूळ अ-सुर आहे असंही शिकवायचं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. रशियन बघा. ग्रीक 'थ' तिथे 'फ' होतो, थेओदोरोसचा फ्योदोर झाला. पण येकातेरीनात 'त' शाबूत आहे आणि सुरुवातीचा स्वरही 'ये' होऊन राहिलाय. नाव तिकडे गेलं तेव्हा त्यात 'थ' नव्हता, याहून स्पष्ट पुरावा कुठला हवा?

तुळशीवृंदावन: मग अर्थ छापताच कशाला? २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला तो याच संतेच्या सणादिवशी, म्हणून जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्या नावाचं आहे. 'संत कातारीनाच्या नावावरून' एवढं लिहा. ते शंभर टक्के खरं आहे.

रानवारा: हे आवडलं. मैत्रिणीला आजच सांगते.

मांडवीकाठ: सांगा, पण 'शुद्ध' खोडायला लावू नका. त्या नावाच्या कितीतरी बायका हाच अर्थ मनात धरून जगल्या. तोही नावाचा इतिहासच आहे.