घरासाठी पहिली बंदूक: रायफल की बारा बोअर?

गडग्याआड:
परवा इथे एकाने लिहिलं, "गावी एकटं घर असेल तर पहिली बंदूक म्हणून सरळ .३१५ रायफल घ्या, बारा बोअरची छऱ्यांची बंदूक आता म्हाताऱ्यांची काठी झाली." दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

.३१५ वाईट नाही. ईशापूरच्या कारखान्याची, ली-एनफिल्डच्या धाटणीची, दणकट. पण तिची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते. माझ्या पडवीपासून शेजारच्या काकूंचं माजघर चाळीस पावलांवर आहे. मध्ये एक गडगा आणि दोन माड. रात्री भेदरलेल्या माणसाचा नेम चुकला की ती गोळी दाराची फळी फोडून कुठे थांबणार? सड्यावर, उघड्या कातळ माळावर, मैलभर कोणी नसेल तर गोष्ट वेगळी. आपण राहतो वाडीत.

माझी एकनळी बारा बोअर आहे. वडिलांना ७० पूर्ण झाल्यावर नियमाप्रमाणे वारस म्हणून माझ्या नावावर परवाना झाला. बंदूक मोडली, म्हणजे बिजागरीपाशी वाकवून उघडली, की नळीत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांना दिसतं. घोडा चढलाय का, ते अंधारात अंगठ्याला कळतं. शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

सडेकर:
पोस्ट माझीच होती, म्हणून उत्तर देतो. 'काठी' हा शब्द मागे घेतो, मुद्दा नाही. बारा बोअरवाल्यांना वाटतं छर्रे पसरतात, नेम नको. चार-पाच मीटरच्या खोलीत ते फार पसरत नाहीत. नेम दोन्हीला लागतो.

दुसरं, धक्का. माझ्या बायकोने बारा बोअर एकदाच झाडली. खांदा आठ दिवस काळानिळा होता, त्यानंतर तिने बंदुकीला हात लावला नाही. मी महिन्यातले वीस दिवस बोटीवर असतो. घरात ती आणि माझी आई. जी बंदूक तिला उचलवत नाही ती घराचं रक्षण काय करणार? .३१५ चा धक्का जास्त असेल तर .२२ रायफल घ्या. पण रायफलच.

गडग्याआड:
धक्क्याचं खरं आहे, मान्य करावंच लागतं. दस्ता, म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, खांद्याच्या खळग्यात घट्ट न बसवता झाडली की असंच होतं, आणि ते तिला कुणी शिकवलं नाही. पण .२२ ची गोळी लहान म्हणून जवळ पडते असं समजू नका. तीही किलोमीटरभर जाते.

केलडी-त्रस्त:
तुमी बोअर मोजत बसा. माजी बंदूक घरात असताच खंय? २०२४ च्या लोकसभेक १६ मार्चाक आचारसंहिता लागली, आमच्याकडे मतदान ७ मे रोजी. काजी धरलेली, आंबो पाडाक इलेलो, आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा. केलडी, म्हंजे माकडां, कौलांर नाचत होती, आमी डबे बडयत होतो. विधानसभेक परत ताच. १५ ऑक्टोबरपासून आचारसंहिता, भात कापूक इला आणि डुकरां शेतात.

सडेकर:
हा शेतीसंरक्षणाचा परवाना. इथे विषय घराचा चाललाय.

केलडी-त्रस्त:
माजा शेत माज्या घराच्या मागल्या दारात आसा. कागदार दोन परवाने वेगळे असतीत, डुकराक ता कोण सांगतला?

खाडीकाठ:
केलडी-त्रस्त यांचं शंभर टक्के खरं. आमच्या ठाण्यात जमा केलेली दुनळी परत आली तेव्हा नळीत गंज होता. जून उजाडलेला, दमट खोली, तेल कोण लावणार? आजोबांनी चाळीस वर्षं जपलेली बंदूक. आईने ती नळी पदराने पुसली आणि काही बोलली नाही.

सडेकर:
वाईट वाटलं. पण निवडणुकीत बंदुका बाहेर राहिल्या तर काय होतं तेही बघा. कायदा उगाच नाही.

केलडी-त्रस्त:
वीस दिवस बोटीर ऱ्हवणाऱ्यान आमका कायदो शिकवूचो नाय!

सडेकर:
बोटीवर पोटासाठी जातो. घर माझं इथेच आहे आणि त्यात माझी बायको आणि आई दोघीच झोपतात. हे परत काढू नका.

ओरोसच्या वाटेवर:
दोघेही थांबा. बंदूक जमा करण्यातून सूट मिळावी म्हणून निवडणुकीआधी जिल्ह्याच्या छाननी समितीकडे अर्ज करता येतो. शेतीचं कारण आणि सातबारा जोडा. मिळेलच असं नाही, पण मागितलं तरच मिळेल.

आणि मूळ प्रश्नावर. बंदूक निवडण्याआधी ती कधी झाडता येते ते वाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ४१. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याविरुद्ध जीव घेण्यापर्यंतचा हक्क आहे, तोही गरजेपुरताच. माडावरून नारळ काढून पळणाऱ्यावर नाही. आमच्या भावकीत एकाने पळणाऱ्याच्या पाठीत छर्रे घातले. चोर वाचला, पण याची जमीन वकिलांत गेली.

खाडीकाठ:
आणि परवान्यावर आता दोनच बंदुका ठेवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन होत्या. म्हणून पहिली विचार करूनच घ्या.

सडेकर:
बरं. वाडीत, भिंतीला भिंत लागून घरं असतील तर रायफल नको, एवढं मी सोडतो. सड्यावरच्या माझ्या घरासाठी माझं मत तेच आहे. गडग्याआड, बायकोला दस्ता धरायला शिकवायचं तर कसं शिकवू?

गडग्याआड:
आधी रिकामी बंदूक, मोडून दाखवून. उभं राहताना डावा पाय पुढे, गाल दस्त्याला टेकलेला, अंगाचा भार पुढे. आठ दिवस नुसतं हेच. मग हलकं काडतूस, तेही अलीकडच्या बनावटीचं. पुठ्ठ्याची जुनी काडतुसं दोन पावसाळ्यांत फुगतात, नळीत अडकतात. ती घेऊ नका. आणि बायकोबरोबर तुमच्या आईलाही बसवा; झाडायला नको, पण बंदूक मोडून रिकामी कशी करायची ते त्यांनाही यायला हवं.

केलडी-त्रस्त, जमा करताना पावतीवर नळीवरचा नंबर आणि 'गंज नाही' हे दोन्ही लिहून घ्या. मी मागच्या वेळी घेतलं. हवालदार कुरकुरला, पण लिहून दिलं.