मदत हवी आहे: चेटकिणीच्या चमच्यावर रबरबँडचा काळा डाग

नमस्कार मंडळी,

मी बॉस्टनजवळ राहते. गेल्या महिन्यात जवळच्या गावात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं. तिथे बिस्किटांच्या डब्यात अकरा चमचे मिळाले, प्रवासाची आठवण म्हणून लोक जमवतात तसले, कॉफीच्या चमच्याएवढे. घरी आणून सगळ्यांना मिळून एक रबरबँड लावला आणि ड्रॉवरमध्ये टाकले. काल काढून बघते तर रबर टेकला होता तिथे दांड्यांवर आडवी काळी रेघ!

जीव अडकलाय तो सेलमच्या चमच्यात (तमिळनाडूतलं नव्हे, इथलं). दांड्यावर टोकदार टोपीची चेटकीण, हातात झाडू, शिवाय 'सेलम' ही अक्षरं आणि तीन टाचण्या. १६९२मध्ये सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, त्यांत 'चेटकिणी आम्हाला टाचण्या टोचतात' असे आरोप झाले होते, त्या या टाचण्या. तिथल्या डॅनियल लो नावाच्या जवाहिऱ्याने जर्मनीत असे चमचे पाहिले आणि १८९०-९१च्या सुमारास हा काढला. त्याआधी १८८९मध्ये वॉशिंग्टनच्या गॉल्ट पेढीने जॉर्ज वॉशिंग्टनचा चमचा आणला होता, पण अमेरिकेला खरं वेड लावलं ते चेटकिणीने. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी दिली (जाळलं कुणालाच नाही), आणि दोनशे वर्षं होत आली तशी त्याच गावात त्याची आठवण कॉफी ढवळायला विकायला ठेवली. कमाल आहे.

मागे 'स्टर्लिंग' आणि 'डी. लो' असं आहे. खरा असेल का? आणि रेघ कशी घालवू? मैत्रीण म्हणते फॉइल, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. आई म्हणते टूथपेस्ट. शिवाय एका चमच्यावर चक्क रोलेक्सचा मुकुट आहे, तो काय प्रकार?

प्रतिसाद १
आधी गॅस बंद करा! माझं माहेर हुपरीचं, चांदीतच वाढले. रबरात गंधक असतं, ते चांदीला लागलं की काळं पडतंच. फॉइल-सोड्याने रेघ जाईल, पण चेटकिणीच्या झग्याच्या चुण्यांतला काळेपणाही जाईल. तो पुष्कळदा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, नक्षी उठून दिसावी म्हणून. तो गेला की चमचा सपाट, पांढराफटक दिसतो. टूथपेस्टने चरे पडतात. चांदीचं पॉलिश मऊ सुती कापडाला किंचित लावून फक्त रेघेवर फिरवा, चुण्यांत शिरू देऊ नका. एका बसणीत घालवायचा हट्ट नको. नंतर कोमट पाण्याने धुवून लगेच कोरडा करा आणि मलमलमध्ये गुंडाळा. वर्तमानपत्र नको, लोकरही नको.

प्रतिसाद २
स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी. भिंगातून शिक्का पाहा: साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा बोथट येतात. तुमचा चमचा लोच्या पहिल्या नमुन्यातला वाटतो. नंतरच्यात मांजर, दोर, चंद्रकोर अशी बरीच गर्दी आहे. मला पहिलाच आवडतो.

रोलेक्सवाला स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्नच्या बुखेरर या घड्याळांच्या दुकानाचा असेल, ते दुकानात येणाऱ्यांना फुकट द्यायचे. वर नुसता मुलामा. आमच्या मुलुंडच्या मावशीकडे सहा आहेत, तुपाच्या भांड्यात एक कायम.

धागाकर्ती
दोघांचे आभार. पाणी खरंच उकळत ठेवलं होतं, त्यात चहा टाकला. भिंगातून पाहिलं, अक्षरं धारदार आहेत. आता डब्यातला शिकागोच्या १८९३च्या प्रदर्शनाचा चमचा हाती घेतलाय. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले होते. या चमच्याच्या वाटीला आतून सोनेरी मुलामा आहे, त्याला पॉलिश चालेल का?

प्रतिसाद १
अजिबात नाही! साबणाचं पाणी, बस्स.