रिब्रीदर घ्यावा का? वापरणाऱ्यांनी सांगा

भुसावळकर: राम राम मंडळी. पोहणं तापीत शिकलो, स्कूबा मालवणला आणि पुढे अंदमानात. आता पाण्याखालच्या फोटोंचा नाद लागलाय. माशाजवळ जाऊन फोकस धरावा, तेवढ्यात श्वास सुटतो, बुडबुडे उठतात आणि मासा पसार! अंदमानात एक जण रिब्रीदर (सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं यंत्र) लावून निवांत होता, मासे त्याच्या मास्कपर्यंत येत होते. नेहमीचं सिलिंडर सोडून लोक याकडे वळतात ते एवढ्यासाठीच का? दिवाळीनंतर पुन्हा जायचंय, त्याआधी घेऊ का?

गिरणाकाठ: भाऊ, तुन्हा प्रश्न बरा शे. मी मूळ चाळीसगावचा, रिब्रीदर वापरतो. शांतता हे कारण खरंच, पण मोठं कारण गॅसचं. आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन, बाहेर सोडलेल्या हवेत अजून १६-१७ टक्के शिल्लक. स्कूबात तो सगळा बुडबुड्यांतून जातो. त्यात ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून वर मिनिटाला २० लिटर लागत असेल तर तिथे ८०. १२ लिटरचं, २०० बारचं सिलिंडर अर्ध्या तासात रिकामं.

रिब्रीदर सोडलेला श्वास परत फिरवतो. त्यातलं सोडा लाइम (चुन्याचे दाणे) कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि शरीरानं वापरला तेवढाच ऑक्सिजन यंत्र भरतं, साधारण मिनिटाला एक लिटर. कितीही खोल गेलात तरी तेवढाच. छोट्या सिलिंडरवर तासन् तास निघतात, आधी संपतो तो सोडा लाइम. शिवाय ऑक्सिजनचा दाब १.३ बारवर धरला की ३० मीटरवर मिश्रण आपोआप ३२ टक्क्यांच्या आसपास राहतं. नायट्रोजन कमी मुरतो, डिकंप्रेशनशिवाय, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्यानं थांबावं न लागता, खाली जास्त वेळ राहता येतं. श्वासाची हवा उबदार आणि ओलसर, त्यामुळे घसा कोरडा पडत नाही. खोल जाणारे श्वासाच्या मिश्रणात महागडा हीलियम घालतात, तो वाचतो तो वेगळाच.

तरी तुम्ही आत्ता घेऊ नका, हे मनापासून सांगतो. ऑक्सिजन कमी पडला तर जीव घाबरा होत नाही, कारण गुदमरल्याची जाणीव कार्बन डायऑक्साइडमुळे होते आणि तो तर शोषला जातोय. माणूस सरळ बेशुद्ध पडतो. म्हणून ऑक्सिजन सेन्सरचे मनगटावरचे आकडे सतत बघायचे, बेलआउट सिलिंडर (यंत्र बिघडलं तर श्वासासाठी वेगळं) सोबत हवंच, प्रत्येक डायव्हआधी पूर्ण तपासणी. कॅमेऱ्यात डोकं घातलेल्या माणसाचं नेमकं तिथेच दुर्लक्ष होतं.

धुळ्याची_ताई: गिरणाकाठ दादांशी सहमत. खर्च काही लाखांत, शिवाय सेन्सर ठरावीक काळानं बदलावे लागतात. अजून एक, स्कूबात छाती भरली की आपण थोडे वर जातो, रिब्रीदरवर तसं होत नाही. ती सवय नव्यानं लावावी लागते.

भुसावळकर: ताई, दादा, आभार. सराव हतनूर धरणात करता येईल का? घराजवळ आहे.

गिरणाकाठ: नको भाऊ. गढूळ पाण्यात मनगटावरचा आकडाच दिसणार नाही, आणि एकट्यानं तर मुळीच नाही. या वेळी नायट्रॉक्सचा (जास्त ऑक्सिजनच्या हवेचा) कोर्स करा, तो स्कूबावरच होतो. बॉयन्सी (पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं) पक्की करा, श्वास संथ ठेवा, माशाच्या दिशेनं जाऊ नका, एका जागी थांबून त्यालाच येऊ द्या. पुढच्या वर्षी मात्र त्याच मॉडेलचा इन्स्ट्रक्टर आधी शोधा, यंत्र नंतर. एका मॉडेलचं प्रशिक्षण दुसऱ्याला चालत नाही.

भुसावळकर: ठीक, नायट्रॉक्स नक्की. कॅमेऱ्याचा स्ट्रोब (फ्लॅश) मात्र या दिवाळीलाच घेतो.