रॅक मॅनिफोल्ड बनवताना कोणतं मानक धरायचं?

कुपवाड_फॅब: डेटा सेंटरसाठी एसएस ३०४चे (स्टेनलेस स्टीलचे) रॅक मॅनिफोल्ड, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात थंड द्रव वाटणारे आणि गरम द्रव परत नेणारे पाइप, बनवायची चौकशी आलीय. ड्रॉइंगवर नुसतं 'स्टँडर्डप्रमाणे' लिहिलंय. कुठलं स्टँडर्ड?

सातारा_एचव्हीएसी: सगळं सांगणारं एकच मानक नाही, लेखी विचारा. अ‍ॅश्रे या अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचे डब्ल्यू३२, डब्ल्यू४० हे वर्ग फक्त इमारतीकडून येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान सांगतात. कपलिंग (पाइपची जोडणी) आणि द्रवासाठी ओपन कंप्युट प्रोजेक्ट या डेटा सेंटर हार्डवेअरवर काम करणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. द्रव बहुधा पीजी२५, म्हणजे २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल. द्रव आत जाताना आणि बाहेर येताना तापमानात १० अंश फरक धरला तर किलोवॅट उष्णतेमागे मिनिटाला साधारण दीड लिटर. पाइपचा व्यास त्यावरून काढा.

मिरज_वेल्डर: दादा, खरी गोम वेल्डिंगमध्ये आहे. टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतून आर्गॉन पर्ज, म्हणजे हवा काढून आर्गॉन वायू सोडणं, हवंच. नाहीतर आत काळी खपली धरते, ती सुटून चिपवर बसणाऱ्या कोल्ड प्लेटच्या केसाएवढ्या फटीत अडकते आणि चिप तापते. मग पिकलिंग (आम्लाने साफ करणं), पॅसिव्हेशन (गंजरोधक थर पक्का करणं). हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) बोअरचं पाणी अजिबात नको, क्लोराइडने ३०४ला खड्डे पडतात. डीआय (क्षार काढलेलं) पाणी वापरा, नायट्रोजनने सुकवा, तोंडं लगेच बंद करा.

कुपवाड_फॅब: तोंडांच्या टोप्या अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, चालतील?

मिरज_वेल्डर: वाहतुकीपुरत्या चालतील, पण प्लास्टिकच्या बऱ्या. चालू लूपमध्ये (द्रव फिरतो त्या मार्गात) मात्र अ‍ॅल्युमिनियम नको. कोल्ड प्लेट तांब्याची असते, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं.