गणवेशाची निविदा, ऑडिटची प्रमाणपत्रे आणि शिलाई कामगारांचे हक्क: खरेदीदाराने नेमके काय मागावे?

प्रश्न

मी ज्या शैक्षणिक संस्थेत काम करते, तिथे गणवेश आणि खेळाचे पोशाख दर तीन वर्षांनी निविदा काढून घेतले जातात. यंदा खरेदी समितीत माझाही समावेश झाला आहे. सर्वांत कमी दर ज्या पुरवठादाराने दिला आहे, त्याचे कपडे परदेशातल्या कारखान्यांत शिवले जातात. तिथल्या कामगारांविषयी विचारल्यावर त्याने सामाजिक ऑडिटची, म्हणजे कामगारांच्या परिस्थितीच्या तपासणीची, तीन प्रमाणपत्रे पुढे ठेवली, पण कारखान्यांची नावे व्यापारी गुपित असल्याचे सांगून दिली नाहीत. समितीतल्या बहुतेकांचे एवढ्यावर समाधान झाले, माझे झाले नाही. प्रमाणपत्र हातात असताना शंका घेणे चुकीचे आहे का? आणि शंका रास्त असेल, तर असा पुरवठादार नाकारून मोकळे व्हावे, की त्याच्याकडे आणखी काही मागावे? ज्या कारखान्यात आपण कधी पाऊलही ठेवणार नाही, तिथे मशीनवर बसलेल्या बाईच्या हक्कांसाठी इतक्या दूरचा खरेदीदार खरोखर काही करू शकतो का, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १

शंका पूर्णपणे रास्त आहे. कराचीच्या बल्दिया भागातील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारांच्या स्थितीविषयीचे नावाजलेले प्रमाणपत्र मिळाले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. ती आग लावलेली होती, असा निर्णय पुढे न्यायालयाने दिला. परंतु खिडक्यांना गज आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद, ही स्थिती आग लावणाऱ्याने निर्माण केलेली नव्हती आणि प्रमाणपत्र देणाऱ्यांनी ती थांबवली नव्हती. ढाक्याजवळच्या सावर येथील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तेव्हा ११३४ माणसे गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचेही ऑडिट झालेले होते; इमारतीचा सांगाडा तपासणे हा त्या ऑडिटचा भागच नव्हता.

मी बारा वर्षे निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर, म्हणजे खरेदीदार आणि कारखाना यांच्यातला दुवा, होतो, म्हणून ऑडिटचा दिवस कसा असतो हे जवळून पाहिले आहे. तारीख बहुधा आधी कळलेली असायची. हजेरी आणि ओव्हरटाइमच्या नोंदींची एक वही खरी असे आणि दुसरी दाखवण्यासाठी ठेवलेली असे. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे हे लाइन सुपरवायझर आदल्या दिवशी बायकांना सांगून ठेवी आणि उत्तर देतानाही तो दहा हातांवर उभा असे. अशा वेळी खरे बोलण्याची अपेक्षा कोणाकडून करणार? ज्या कारखान्याची तपासणी होणार, त्याच्याच पैशाने तपासनीस येत असे, आणि जास्त घाईचा माल तर तपासणीच्या यादीत नसलेल्या उपकंत्राटदाराकडे परस्पर शिवला जाई.

याहूनही मोठी गोष्ट खरेदीच्या पद्धतीत आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक पाहतात. आमच्याकडे एकाच आठवड्यात एकाच परदेशी खरेदीदाराची दोन पत्रे आली होती. त्यांच्या अनुपालन विभागाने, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहणाऱ्यांनी, लिहिले होते की आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम घेतल्यास ऑर्डर थांबवली जाईल. खरेदी विभागाने लिहिले होते की बटणे आणि लेबल यांना मंजुरी द्यायला त्यांच्याकडूनच दहा दिवस उशीर झाला असला तरी शिपमेंटची तारीख बदलणार नाही, आणि जहाज चुकल्यास विमानाचे भाडे कारखान्याने भरावे. मालकाने कोणते पत्र पाळले हे सांगायला नको. ते दहा दिवस सबंध लाइनने रात्री अकरापर्यंत बसून भरून काढले आणि वहीत साठ तासच लिहिले गेले. त्या नोंदीवर मी सही केली नव्हती, पण मी तेव्हा बोललोही नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर २

वरील अनुभवाला जोडून सांगतो. फरक पडलेला दिसतो तो जिथे ब्रँड आणि कामगारांची संघटना यांनी एकाच करारावर सह्या केल्या आणि करार मोडल्यास दाद मागण्याची सोय ठेवली, तिथे. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये झालेला बांगलादेशचा ‘अकॉर्ड’ हा सुरक्षा करार असा होता. इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांनी त्यावर ब्रँडबरोबर सह्या केल्या. पुढे दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. तपासणीचे अहवाल जाहीर केले गेले, दुरुस्तीचा खर्च भागेल हे पाहण्याची जबाबदारी ब्रँडवर आली, आणि धोकादायक इमारतीत जायला नकार देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. या शेवटच्या कलमाचे मोल राणा प्लाझामुळे कळते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेल्यावर खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवण्यात आली होती. वरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आत पाठवण्यात आले. पगार कापला जाण्याची भीती असलेल्या आणि पाठीशी युनियन नसलेल्या माणसाला त्या दारात ‘नाही’ म्हणता येत नाही. अकॉर्डची कलमे कागदावरच राहिली नाहीत, हेही नमूद करतो: दुरुस्तीत टाळाटाळ केल्याबद्दल महासंघांनी दोन ब्रँडना हेग येथील लवादापुढे खेचले आणि त्यांपैकी एका ब्रँडने जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

इमारतीच्या सुरक्षेपलीकडेही ही पद्धत गेली आहे. आफ्रिकेतील लेसोथोमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत बायकांचा लैंगिक छळ होत असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये लीव्हाय स्ट्रॉससह तीन खरेदीदारांनी कामगार आणि महिला संघटनांशी करार केले. तमिळनाडूतील दिंडिगुल येथे जानेवारी २०२१ मध्ये एका तरुण कामगार स्त्रीची हत्या झाली, त्यानंतर तिच्या युनियनने लढून एप्रिल २०२२ मध्ये पुरवठादार कंपनी आणि एचअँडएम हा ब्रँड यांच्याशी असाच करार घडवून आणला. ती युनियन दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालची आहे. त्या करारानुसार तक्रार ऐकून घेणाऱ्या बायका लाइनवरच काम करणाऱ्या होत्या. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनीसाला जे कोणी सांगत नाही, ते शेजारच्या मशीनवरच्या बाईला सांगितले जाते.

उत्तर ३

पुरवठादार नाकारून मोकळे होण्याविषयी थोडेसे. ते मनाला स्वच्छ वाटते, पण कारखान्यातल्या बाईला त्याचा अर्थ काम गेले एवढाच असतो. मार्च २०२० मध्ये अनेक ब्रँडनी शिवून तयार झालेल्या मालाच्याही ऑर्डरी रद्द केल्या, तेव्हा बांगलादेशात लाखो कामगार मजुरीविना घरी बसले. कामगारांनी स्वतः बहिष्काराची हाक दिली असेल तर ती जरूर पाळावी. त्यांना न विचारता आपण तो ठरवू नये.

प्रश्नकर्ती

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. अडचण अशी की आमची ऑर्डर मोठ्या ब्रँडच्या तुलनेत फारच लहान आहे. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात की एवढ्याशा ऑर्डरीवर अटी घातल्या तर पुरवठादार आपल्याला सरळ उत्तरही देणार नाही.

उत्तर २

हे गृहीत धरू नका. होंडुरासमध्ये रसेल या क्रीडापोशाख कंपनीने युनियन झालेला एक कारखाना जानेवारी २००९ मध्ये बंद केला. कंपनीचे कपडे विद्यापीठांची बोधचिन्हे लावून विकले जात होते. अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठाला बोधचिन्ह वापरण्याचे परवाने रद्द करायला भाग पाडले. त्यांतला एकेक परवाना कंपनीच्या दृष्टीने किरकोळच होता, पण सुमारे शंभर विद्यापीठांनी तसे केल्यावर नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवा कारखाना उघडून सुमारे १२०० कामगारांना परत घेण्याचे आणि युनियनशी वाटाघाटी करण्याचे मान्य केले. तिथे मागणी ‘माल घेऊ नका’ एवढीच नव्हती, ‘यांना कामावर घ्या, मगच माल घेऊ’ अशी होती.

आपल्या निविदेत पहिली अट कारखान्यांच्या नावांची आणि पत्त्यांची घाला, उपकंत्राटदारांसह. हे व्यापारी गुपित असल्याचे ऐकून घेऊ नका. नायकीने आपली यादी २००५ मध्ये जाहीर केली आणि त्यानंतर कितीतरी ब्रँडनी तेच केले. यादी मिळाली की त्या भागातल्या युनियनला विचारता येते, एरवी विचारणार कोणाला? संघटना केल्याबद्दल कोणालाही काढणार नाही असे लेखी घ्या, आणि कोणाला काढलेच तर परत घेतल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही हेही त्याच कलमात लिहा. त्याचबरोबर दोन बंधने आपल्या संस्थेवरही येऊ द्या. रंग, मापे आणि संख्या ठरल्यावर ऐनवेळी बदलणार नाही, आणि बदलल्यास मुदत तेवढ्याच दिवसांनी वाढवून देऊ. मर्चंडायझर सदस्यांनी सांगितलेल्या त्या दोन पत्रांतले दुसरे पत्र आपल्याकडून जाऊ नये, यासाठी हे कलम आहे.

उत्तर १

याला एक पुरवणी जोडतो. सर्वांत कमी दर कसा बसतो, हे पुरवठादाराला मजुरीचा आकडा वेगळा मांडून दाखवायला सांगा. बांगलादेशात शिलाई कामगाराचे किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका झाले. संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती आणि त्या आंदोलनात कामगारांचे प्राण गेले. कापड, दोरा, बटणे, वाहतूक यांचे भाव बाजारात ठरलेले असतात, म्हणून दर खाली आणताना हात फिरतो तो मजुरीवरच. निविदेच्या नमुन्यात शिलाईची मजुरी ही स्वतंत्र ओळ ठेवा आणि पुरवठादारांची स्पर्धा ती ओळ वगळून उरलेल्या दरावर होऊ द्या. समितीला मान्य असेल तर त्या तक्त्याचा मसुदा मी तयार करून देतो.