बर्फातली जुनी मैदानं : तुमचे अनुभव लिहा

इसारकाठ (धागाकर्ती)

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून म्युनिकला आले होते. 1 जानेवारीला टीव्हीवर गार्मिशची स्की-उडी लागली. बाबा चहा गार होईपर्यंत बघत बसले आणि म्हणाले, "हे इथून किती लांब?" रेल्वेने दीड तास. 2 तारखेला आम्ही तिथे हजर! स्पर्धा तोवर पुढच्या मुक्कामी, इन्सब्रुकला गेलेली. रिकाम्या स्टेडियममध्ये फक्त आम्ही आणि कुत्रा फिरवणारे एक आजोबा.

बाबा आयुष्यभर बांधकाम खात्यात होते. त्यांनी आधी उतार नाही बघितला, तो अधांतरी पुढे आलेला लोखंडी सांगाडा कशावर पेललाय ते शोधत राहिले. ही नवी उडी 2007 ची, पण नववर्षाची स्पर्धा इथे 1922 पासून चालते. 1936 चं हिवाळी ऑलिंपिक इथलंच. त्यासाठी गार्मिश आणि पार्टेनकिर्शन ही दोन गावं 1935 मध्ये नाझींनी जबरदस्तीने एक केली. परदेशी पाहुणे येणार म्हणून रस्त्यांवरच्या ज्यूविरोधी पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवल्या होत्या, हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ त्या दगडी सज्ज्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बांधकाम मात्र पक्कं आहे."

अशा जागा तुम्हीही पाहिल्या असतील तर लिहा. आल्प्सचा आमच्या बाजूचा, म्हणजे बव्हेरिया-टिरोलचा पट्टा असेल तर उत्तम. तिकिटाचे दर नकोत, ते दरवर्षी बदलतात.

नीलमोहर

गार्मिशला गेलात आणि रीसरसेच्या तळ्यावर नाही गेलात? तिथली बॉबस्लेची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, जुनी वाट जंगलात आहे. 1936 च्या शर्यती तिथेच झाल्या, 1966 मध्ये ती बंद पडली. वळणांच्या भिंती रचायला तळ्यातलाच बर्फ ठोकळे कापून आणायचे. आता वळणांवर झाडं उगवलीत. मी ऑक्टोबरात गेले होते, पानांचा खच पडलेला. पाटी वाचली नसती तर ओढ्याचं पात्र समजून पुढे गेले असते.

गुडघेदुखी

टिरोलमधल्या कित्झब्युएलची 'श्ट्राइफ', म्हणजे स्कीच्या उतार-शर्यतीची वाट, मी उन्हाळ्यात पायी उतरलो. तेही माझ्या आयडीकडे दुर्लक्ष करून. शर्यत सुरू होते ती झोपडी 1665 मीटरवर. वर नेणाऱ्या पाळण्यांवर जुन्या विजेत्यांची नावं लिहिलेली असतात. सुरुवातीनंतर लगेच 'माउसेफाले', म्हणजे उंदराचा सापळा. तिथे उतार 85 टक्के. टक्क्यांत काही कळत नाही, म्हणून सह्याद्रीच्या भाषेत सांगतो : हरिश्चंद्रगडाची नळीची वाट आठवा, दगड काढून टाका आणि त्यावर गवत पेरा. मी बाजूच्या पायवाटेने, काठी टेकत, बुडावर बसत उतरलो. तळाला पोचायला दोन तासांच्या वर लागले. फ्रिट्स श्ट्रोब्लने 1997 मध्ये ही 3.3 किलोमीटरची वाट 1 मिनिट 51.58 सेकंदांत संपवली होती. टीव्हीवर हा उतार कळतच नाही हो, कॅमेरा तो सपाट करून टाकतो.

पोह्यांवर लिंबू

इन्सब्रुक. बेर्गीझेल टेकडीवरच्या स्की-उडीच्या मनोऱ्यावर कॉफी प्यायलो. वास्तुरचनाकार झाहा हदीद यांचं काम, 2002 चं. वरून उडीच्या नेमकं समोर काय दिसतं? व्हिल्टेनची दफनभूमी! खेळाडू उडी घेतात ते तिच्याकडे तोंड करूनच. बायको म्हणाली, "यांच्यात वास्तुशास्त्र नसतं वाटतं."

खाली 1964 आणि 1976 या दोन्ही ऑलिंपिकची ज्योतपात्रं आहेत. 1976 चा मान खरं तर अमेरिकेतल्या डेन्व्हरचा, पण तिथल्या मतदारांनी खर्चाला नकार दिला आणि तो इन्सब्रुककडे आला. 1964 ला इथे बर्फच पडला नव्हता. सैनिकांनी डोंगरातून बर्फाचे 20 हजार ठोकळे उतरवून घसरगाड्यांच्या वाटा रचल्या. आणि आपल्याकडे फार कुणाला माहीत नसलेली गोष्ट : हिवाळी ऑलिंपिकमधला भारताचा पहिला खेळाडू त्याच वर्षी इथे उतरला. जेरेमी बुजाकोव्स्की, जन्माने पोलिश. मी तिथल्या माणसाला अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "भारतात बर्फ असतो?" हिमालय म्हणजे काय, हे समजावण्यात माझी बस चुकली.

(टेकडीवरच्या संग्रहालयात 1809 च्या लढाईचं गोल, भिंतभर चित्र आहे. डोंगरी शेतकरी विरुद्ध नेपोलियनच्या बाजूची फौज. आपल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.)

इसारकाठ

इन्सब्रुकजवळच्या इग्ल्सला, बॉबच्या वाटेवर, गेलात का? पाहुण्यांना बॉबमध्ये बसवतात म्हणे.

पोह्यांवर लिंबू

गेलो ना. काँक्रीटची वाट, 1976 साठी बांधलेली. पुढे चालक, मागे आम्ही तिघं कोंबलेले. एस्टीच्या मागच्या सीटवरून आंबेनळी घाट उतरलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला काय होणार! तिसऱ्या वळणावर डोकं छातीत गेलं ते शेवटपर्यंत वर आलं नाही. चौदा वळणं आहेत असं ऐकलं, मी एकही पाहिलेलं नाही. संध्याकाळी मान वळेना. हौस फिटली.

उशिरा आलेली

माझी जागा तुमच्या पट्ट्याबाहेरची आहे, स्वित्झर्लंडमधलं सेंट मॉरिट्झ, पण फजिती सांगायलाच हवी. बॉबची जगातली सर्वांत जुनी वाट, 1904 पासूनची, दोन ऑलिंपिक पाहिलेली. मी हट्टाने नवऱ्याला आणि दोन मुलांना जुलैत घेऊन गेले. आणि तिथे काय? गवत! गाई! ही वाट दरवर्षी नव्याने, फक्त बर्फ आणि पाण्यातून बांधतात. दक्षिण टिरोलचे कारागीर येऊन हाताने रचतात आणि वसंतात ती वितळून जाते. यंत्राने गोठवलेलं काहीच नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू आम्हाला नसलेली गोष्ट दाखवायला आणलंस." शेजारच्या क्रेस्टा रनचीही तीच गत. तिथे डोकं पुढे करून पालथं घसरतात. 1929 पासून 2018 पर्यंत बायकांना बंदी होती, म्हणजे मी हिवाळ्यात आले असते तरी अगदी परवापर्यंत मला बघतच बसावं लागलं असतं.

इसारकाठ

बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. सेंट मॉरिट्झचं दोनदा वाचायला लावलं. ते विचारताहेत, दरवर्षी नवीन बांधायचं आणि उन्हाळ्यात वाहून जायचं, तर याचं टेंडर कोण भरतं?